वॉर्डात नव्याने रुजू होताय? औषधाची चूक पेशंटपर्यंत पोचण्याआधी अशी अडवा

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून बेळगावातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदाच ड्यूटीवर येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. इंटर्न डॉक्टरांना आणि फार्मसीत नव्याने लागलेल्या मुलामुलींनाही यातलं बरंच कामाला येईल.

कॉलेजात 'पाच योग्य' पाठ करून घेतात: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे खरंच आहे, पण भरलेल्या वॉर्डात नेमकं कुठं घसरायला होतं ते त्यात सांगितलेलं नसतं. इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की औषध किंवा औषधाची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिथंच चूक शिरते. गावच्या डॉक्टरांकडून इथं, डॉक्टरांकडून सिस्टरकडं, फार्मसीतून वॉर्डात, सकाळच्या पाळीकडून दुपारच्या पाळीकडं. आपल्या भागात त्यात राज्याच्या हद्दीची भर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम सुरू केली. तिचा भर तीन गोष्टींवर होता: जोखमीचे प्रसंग, एकाच माणसाला चाललेली अनेक औषधं, आणि पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडं जातो तो टप्पा. तिन्ही गोष्टी आपल्या वॉर्डात रोज दिसतात.

ड्यूटीवर येताना जवळ काय असावं

- स्वतःचं लॉगिन आणि पासवर्ड. दुसऱ्याच्या लॉगिनवर औषध दिल्याची नोंद करू नका, 'आजच्यापुरतं' म्हणूनसुद्धा नाही.
- खिशात मावणारी वही, पेन, पुसला न जाणारा मार्कर, साधा कॅल्क्युलेटर.
- रुग्णालयाच्या दोन याद्या: अति-जोखमीची औषधं, आणि दिसायला किंवा ऐकायला सारखी असणारी औषधं. एनएबीएचचं (रुग्णालयांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन असेल तर या याद्या असायलाच हव्यात. इन्चार्ज सिस्टरना मागा.
- ड्यूटी डॉक्टर, फार्मसी आणि बायोमेडिकल विभागाचे अंतर्गत नंबर.
- कन्नड येत नसेल तर निदान दोन वाक्यं: 'निम्म हेसर हेळ्री' आणि 'याव गुळगी तगोतीरी?' नाव काय आणि कुठल्या गोळ्या घेता, एवढं विचारता आलं तरी निम्मं काम होतं. गोकाक-बैलहोंगलकडची सहकारी मैत्रीण असेल तर तिला तुम्ही मराठीतली हीच वाक्यं शिकवा.

१. भरतीच्या वेळी जुन्या औषधांची यादी करा

हा टप्पा सगळ्यात घाईत उरकला जातो आणि पुढच्या बऱ्याच घोळांचं मूळ इथंच असतं, म्हणून यावर जास्त लिहितेय.

आपल्याकडचा पेशंट एकाच डॉक्टरांचा नसतो. खानापूरचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाऊन आलेले असतात, निपाणीचे कोल्हापूरला, अथणीचे मिरजेला. चंदगडचे तर राज्याची हद्द ओलांडूनच बेळगावात येतात. प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळा आणि गोळीचं ब्रँडनाव वेगळं. बीपीची ॲम्लोडिपिन कोल्हापुरात एका नावानं मिळाली, गावच्या मेडिकलात दुसऱ्या नावानं, आणि माणूस दोन्ही घेतोय. आता आपण वॉर्डात तिसऱ्या नावाची चालू केली की बीपी का पडलं म्हणून रात्री धावपळ.

कागद मागाच, पण कागदावर थांबू नका. घरातली औषधांची अख्खी पिशवी आणायला सांगा. पिशवीत बऱ्याचदा कापलेल्या स्ट्रिपा निघतात: चार गोळ्या उरलेल्या, नाव छापलेला भाग कात्रीनं गेलेला. रंगावरून गोळी ओळखायच्या फंदात पडू नका. बिल असेल तर त्यावरच्या मेडिकलवाल्यांना फोन लावा, नाहीतर फार्मासिस्टना दाखवा. तरीही ओळख पटली नाही तर 'ओळख पटली नाही' असंच चार्टवर लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

'काही गोळ्या चालू आहेत का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, कारण बीपीची गोळी लोकांच्या लेखी औषधात मोजली जात नाही. एकेक करून विचारा:

- साखरेची, बीपीची, हृदयाची, फिट्सची, थायरॉईडची गोळी
- रक्त पातळ करणारी गोळी
- झोपेची गोळी, इन्हेलर, डोळ्यांत घालायचे थेंब
- काढा, चूर्ण, भस्म, कुणी दिलेलं झाडपाल्याचं औषध
- इथं येण्याआधी गावात घेतलेलं इंजेक्शन किंवा सलाईन
- कुठल्या औषधानं कधी अंगावर पुरळ, सूज, दम लागला होता का

सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेणारा पेशंट आला तर जागच्या जागी थांबा. ती गोळी त्या आजारात आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज दिली गेल्यामुळे जगभरात माणसं दगावली आहेत. चार्टवर वार लिहून घ्या, बाकीच्या सहा दिवसांवर काट मारा आणि संगणकावर वारंवारता 'साप्ताहिक' पडलीय का ते डोळ्यांनी बघा.

यादी झाली की डॉक्टरांसमोर ठेवून प्रत्येक औषधापुढं चालू, बंद किंवा बदल असं लिहून घ्या. पेशंटचा १४ अंकी आभा क्रमांक (सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा) असेल तर जुने कागद मोबाईलवर मिळू शकतात, पण दोन्हीकडची रुग्णालयं त्याला जोडलेली असली तरच. तोवर पिशवीच खरी.

२. ऑर्डर नीट वाचा, अडली तर विचारा

संगणकावर ऑर्डर टाकायची पद्धत आल्यापासून अक्षर लावत बसायचा त्रास गेला. पण नवीन त्रास आला: यादीतून चुकीचं नाव निवडलं जाणं. आपल्याकडं वॉर्डात दोन-तीन पाटील असतातच, त्यात नावही सारखं असलं की झालं. पडद्यावर पेशंटचं नाव आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, दोन्ही बघितल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका. एकाच नावाचे दोन पेशंट असतील तर दोन्ही फायलींवर लाल पट्टी लावा आणि शक्य असेल तर बेड लांब करा.

संगणक इशारे देतो: ही दोन औषधं एकत्र नकोत, या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हा डोस जास्त आहे. दिवसभर इतके इशारे येतात की वाचायच्या आधीच बोट 'ओके'वर जातं. ॲलर्जीचा आणि डोसचा इशारा तरी प्रत्येक वेळी वाचायचाच, हा नियम स्वतःला लावून घ्या.

अजूनही बऱ्याच ठिकाणी हातानं लिहिलेली ट्रीटमेंट शीट चालते. औषधाचं जेनेरिक नाव (ब्रँडचं नव्हे, मूळ औषधाचं) वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, अशी सुधारणा तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये केली होती. नसेल लिहिलेलं तर अदबीनं परत पाठवा. तीन ठिकाणी विशेष बघा:

- 'युनिट'साठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं. ४ युनिटचे ४० होतात. पूर्ण शब्द लिहून घ्या.
- ०.५ च्या जागी नुसतं .५ लिहिलं तर टिंब पुसट होऊन ५ वाचलं जातं.
- ५.० लिहिलं तर ५० वाचलं जातं. तिथं नुसतं ५ पुरे.

फोनवरची ऑर्डर फक्त तातडीच्या वेळी घ्या. ऐका, लिहा, लिहिलेलं वाचून दाखवा आणि डॉक्टर 'बरोबर' म्हणाले की मगच औषधाला हात लावा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून 'एक-पाच' किंवा 'पाच-शून्य' असं अंक सुटे करून बोला. डॉक्टर चिडतात का? काही चिडतात. चिडू द्या.

३. फार्मसीतून आलेली पिशवी चार्टशी ताडून बघा

बऱ्याच रुग्णालयांत नातेवाईकच चिठ्ठी घेऊन औषध आणतात. खाली एक ब्रँड नसला की दुसरा मिळतो. त्यात गैर काही नाही, पण पिशवी आली की बिलावरचं पेशंटचं नाव, औषधाचं जेनेरिक नाव, ताकद आणि मुदत चार्टशी जुळवून घ्या. नावं दगा देतात: डोपामिन आणि डोब्युटामिन, सेफोटॅक्झिम आणि सेफ्ट्रायॲक्सोन, लॅमिव्ह्युडिन आणि लॅमोट्रिजिन. अशी औषधं ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात शेजारी ठेवू नका. काचेच्या छोट्या ॲम्प्यूल तर बहुतेक एकसारख्याच दिसतात. टोपीचा किंवा पट्टीचा रंग ओळख म्हणून वापरायचा नाही, नाव वाचायचं.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालंय. मोबाईलनं स्कॅन केला की जेनेरिक नाव, बॅच आणि मुदत दिसते. कापलेली स्ट्रिप असेल तिथं याचा उपयोग नाही, पण अख्खं पाकीट हातात असेल तर दोन सेकंदांचं काम आहे.

पेशंट गेला की त्याची उरलेली औषधं बेडशेजारच्या कपाटात राहू देऊ नका.

४. बेडजवळ

औषध एका वेळी एकाच पेशंटचं काढा. भरलेल्या सिरिंजवर लगेच नाव, औषध, डोस आणि वेळ लिहा. लेबल नसलेली सिरिंज दिसली तर ती टाकून द्या, कुणी 'माझीच आहे' म्हणालं तरी. नाकातल्या नळीतून द्यायचं पातळ औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरू नका, ते शिरेत जाण्याचा धोका असतो. त्यासाठी तोंडावाटे द्यायच्या औषधाची वेगळी सिरिंज मिळते.

औषध काढताना कुणी हाक मारली तर 'दोन मिनिटं' म्हणा. अर्धवट सोडलेला डोस परत येऊन पुढं चालू करायचा नाही, पहिल्यापासून काढायचा.

'तुम्ही लक्ष्मी पाटील ना?' असं कधीच विचारू नका. कमी ऐकू येणारी, गुंगीतली आजी कशालाही 'हो' म्हणते. 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारा आणि मनगटावरच्या पट्टीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक चार्टशी जुळवा. बेड नंबर ही ओळख धरू नका. दुपारी नातेवाईकांनी पंख्याखालचा बेड पटकावलेला असतो.

बारकोड असेल तर क्रम असा: आधी पेशंटची पट्टी स्कॅन, मग औषध स्कॅन, पडद्यावर हिरवं दिसलं की औषध, आणि औषध दिल्यावर नोंद. यंत्रणा चांगली आहे. पण तिला फसवायच्या युक्त्या वॉर्डात तुमच्या आधीपासून मुक्कामाला असतात: पट्टीची जास्तीची प्रत काढून नर्सिंग स्टेशनवर चिकटवणं, सगळ्यांची औषधं आधी वाटून मग निवांत स्कॅन करणं, स्कॅन होत नाही म्हणून नंबर हातानं टाकणं. कुणी सीनियर असं करताना दिसली तरी शिकू नका. पट्टी ओली होऊन फाटली असेल तर नवी छापून घ्या. स्कॅनरची बॅटरी उतरते, वायफाय जातं, हे होणारच. ते बायोमेडिकल किंवा आयटीला कळवा. नाहीतर पळवाटेलाच पद्धत म्हणायची सवय लागते.

आणि नातेवाईक काय म्हणतात ते ऐका. 'ही पांढरी गोळी मघाशीच दिलासा की ओ सिस्टर' असं कुणी म्हणालं की हात थांबला पाहिजे. चार्ट बघा, आधीच्या सिस्टरना विचारा, मग पुढं जा. दहात नऊ वेळा ती दुसरीच पांढरी गोळी निघेल. दहाव्या वेळेसाठी थांबायचं.

उपवासाचं वेगळं सांगते. एकादशी, श्रावणी सोमवार, संकष्टी, रोजे: पेशंट रुग्णालयात असला तरी उपास मोडत नाही आणि आपल्याला सांगतही नाही. इन्सुलिन टोचून झालं आणि ताट तसंच परत गेलं, की तासाभरात घाम फुटून पेशंट गळून जातो. जेवणाआधीचं इन्सुलिन देताना ताट समोर आलंय आणि पेशंट जेवणार आहे याची खात्री करा.

५. ही औषधं एकट्यानं द्यायची नाहीत

दोघांनी तपासायचं म्हणजे एकीनं 'दहा युनिट आहे ना गं?' म्हणायचं आणि दुसरीनं मान डोलवायची, असं नव्हे. दुसरीनं ऑर्डर स्वतः वाचायची, हिशेब स्वतः करायचा आणि मग दोघींची उत्तरं जुळवायची. पहिलीनं आपलं उत्तर आधी सांगायचंच नाही.

*इन्सुलिन.* आपल्याकडं ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन ताकदी चालतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये '१०' च्या रेघेपर्यंत भरलं तर पाव मिली भरतं, म्हणजे पेशंटला २५ युनिट जातात. उलट केलं तर १० च्या जागी ४ च जातात. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा मोठ्यानं वाचा.

*पोटॅशियम क्लोराईड.* १० मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं. ते सलाईनमध्ये मिसळून, सावकाशच द्यायचं. थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबतं. साध्या वॉर्डाच्या ट्रॉलीत ते ठेवूच नये. तुमच्या ट्रॉलीत दिसलं तर इन्चार्जना सांगून फार्मसीत परत करा.

*हेपरिन.* रक्त गोठू न देणारं औषध. ५ मिलीच्या बाटलीत एकीकडं ५,००० युनिट, दुसरीकडं २५,००० युनिट. बाटल्या जुळ्या दिसतात.

*लहान मुलं.* वजन आजचं हवं, आणि किलोतच लिहायचं. १० किलोच्या बाळाला ताप आला, पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ६ मिली, ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे ३ मिली, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिली असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिली. तेच थेंब आईनं सिरप समजून ५ मिलीचा चमचा भरून पाजले तर ५०० मिलिग्रॅम. म्हणून ऑर्डरमध्ये मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहून घ्या, नुसतं 'एक चमचा' चालणार नाही.

*पंप.* इन्फ्युजन पंपात (ठरलेल्या वेगानं औषध शिरेत सोडणारं यंत्र) औषधांची यादी आणि मर्यादा भरलेली असेल तर औषध त्या यादीतूनच निवडा. नुसता वेग टाकून चालू केला तर मर्यादेचा पहारा उठतो. नळी पंपातून काढायच्या आधी क्लॅम्प बंद करा.

६. पाळी बदलताना

हँडओव्हर स्टेशनवर बसून नको, बेडजवळ उभं राहून. पेशंट कशासाठी आहे, आधी काय झालं, आत्ता काय दिसतंय, पुढच्या पाळीनं काय करायचंय, या क्रमानं बोला. जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टरनी पंपावरचा वेग एकत्र वाचायचा. 'तातडीनं एकदा द्या' असं सांगितलेलं औषध दिलं की नाही, आणि ऑपरेशनसाठी थांबवलेली गोळी परत कधी सुरू करायची, या दोन गोष्टी हमखास सुटतात. त्या वहीत लिहून घ्या.

७. चूक झाली, किंवा होता होता राहिली

आधी पेशंट. औषध थांबवा, नाडी, बीपी, श्वास बघा, डॉक्टरांना बोलवा. रिकामी ॲम्प्यूल आणि सिरिंज टाकू नका. घडलं ते वेळेसकट लिहा, खाडाखोड नको. नातेवाईकांना डॉक्टरांबरोबर जाऊन खरं सांगा.

मग घटनेचा अर्ज भरा. पेशंटपर्यंत न पोचलेल्या चुकीचाही भरा, कारण उद्या तीच चूक दुसऱ्या वॉर्डात पोचेल. काही ठिकाणी अर्ज भरणाऱ्याचीच झाडाझडती होते. तिथं लोक अर्ज भरायचे बंद होतात आणि कागदोपत्री चुका शून्य दिसतात. शून्य चुकांच्या वॉर्डावर माझा विश्वास नाही.

औषधाचा विपरीत परिणाम झाला असेल, म्हणजे डोस बरोबर असूनही पुरळ, सूज, दम, तर त्याची नोंद औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडं होते. देशभरासाठी टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंट स्वतःही फोन करू शकतो.

८. डिस्चार्ज

पहिल्या दिवशी केलेली यादी काढा आणि डिस्चार्ज कार्डाशेजारी ठेवा. नवीन औषधं सगळेच समजावतात, बंद केलेली कुणी सांगत नाही. म्हणून पिशवीतल्या बंद झालेल्या स्ट्रिपांवर तुम्ही स्वतः मार्करनं काट मारा आणि त्या वेगळ्या बांधून द्या. तापाच्या आणि अंगदुखीच्या पाकिटांत दोन्हीकडं पॅरासिटामॉल आहे का ते बघा. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये.

घरी गोळ्या कोण देणार ते विचारा. आजीला मराठी वाचता येतं, नातू कन्नड शाळेत, सून नोकरीला, असं घर आपल्याकडं नेहमीचं. जो देणार त्याच्या लिपीत लिहा. कुणालाच वाचता येत नसेल तर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्रकोर काढा आणि पुढं गोळ्यांचे तितके गोल. मग त्यांनाच विचारा: 'काका, उद्या सकाळी काय काय द्याल, दाखवा बघू.' चुकले तर परत सांगा.

चंदगड-गडहिंग्लजकडं परत जाणाऱ्यांच्या कार्डावर प्रत्येक ब्रँडखाली जेनेरिक नाव आणि ताकद आहे ना ते बघा. पुढच्या महिन्याच्या गोळ्या ते गावाजवळच्या मेडिकलातून घेणार, आणि तिथं इथला ब्रँड मिळेलच असं नाही. वॉर्डाचा फोन नंबर कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा.